लाल दिव्याचं भांडण

सखाराम भावोजी, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. "खरंच हाय ते," असंच ती म्हणते. माझ्या थोरल्या बहिणीचे, बायचे, तुम्ही नवरे. जगाच्या दृष्टीने नातं एवढंच.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. कुठे जन्मलात, कितवीपर्यंत शिकलात, कुठले कुठले घाट गाडीने पालथे घातलेत, हे लिहायला मी बसलेलो नाही. ते तुमच्या ट्रकवाल्या मित्रांनी बाराव्याला एकमेकांना सांगून झालं आहे, आणि प्रत्येकाने सांगताना थोडी भरही घातली आहे. एकाने तर तुम्हाला उलट्या गिअरमध्ये परशुराम घाट चढवला. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. त्याचा निकाल लागला, आणि ऐकायला नेमके तुम्ही नाही.

मी बारावी झालो तेव्हा आमच्या वाडीतल्या पोरांना एकच वाट होती. मुंबईला जायचं, कुणातरी काकाच्या खोलीवर वळकटी टाकायची आणि मिळेल ते काम धरायचं. माझी वळकटी बांधून झाली होती. त्या दिवशी तुम्ही जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक आमच्या बांधाशी उभा केलात, पडवीत बसून तांब्याभर पाणी प्यायलात आणि बाबांना म्हणालात, "मामा, ह्याला माझ्यासंगती द्या. रत्नागिरीत कालेज हाय, माझ्या दोन खोल्या हायत. मी सदा गाडीवर, बाय एकटीच असते. तिला सोबत होईल."

सोबत होईल! माझी सोय करताना ती तुमची गरज असल्यासारखी मांडलीत. बाबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. वळकटी चिऱ्यांवर चढली आणि मी केबिनमध्ये. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलेलं नव्हतं, आणि मी त्या फाटकाशी पहिल्यांदा उतरलो तो तुमच्या ट्रकातून, डोक्यापासून पायापर्यंत जांभ्याची लाल धूळ घेऊन.

पण बहिणीच्या घरी राहून शिकणं काय असतं ते राहिलेल्यालाच कळतं. तुम्ही दोघं मला कधी तोडून बोलला नाहीत. तरी मी आपला अंग चोरून वागायचो. जेवताना मान खाली. बायने भाताचं पातेलं नुसतं हलवलं तरी मी म्हणायचो, "पुरे."

"मेवणे," तुम्ही विचारायचात, "तुमच्या कालेजात भात खाणाऱ्यांना नापास करतात काय?"

मी हसायचो आणि तरीही म्हणायचो, "पुरे."

आता त्या दिव्याविषयी. तुमचा ट्रक दुसऱ्याच्या हातून आलेला, वयाने मोठा. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा त्याचा काटा केव्हाच मेला होता, म्हणून आधीच्या मालकाने त्या जागी एक लाल बल्ब बसवून घेतला होता. चावी फिरवली की तो पेटायचा. इंजिन सुरू होऊन तेल सगळीकडे नीट पोचलं की विझायचा. चालत्या गाडीत तो पेटून राहिला तर समजायचं की इंजिनाला तेल मिळत नाही. गाडी तिथेच थांबवायची, नाहीतर इंजिन जाम. एवढंसं बोराएवढं ते काचेचं बोंड, पण सगळ्या गाडीचा जीव त्याच्यात.

माझ्या शेवटच्या वर्षाला तो दिवा विझेनासा झाला. आधी गचका बसला की पेटायचा आणि तुम्ही बाजूला टिचकी मारलीत की जायचा. मग टिचकीला दाद देईना. मग चापटी मारलीत, तीही चालेना.

"दिवा खोटं बोलतोय," तुमचा निकाल. "इंजिनाचा आवाज ऐका. म्हैस रवंथ करते तसं शांत चाललंय."

"म्हशीला लाल दिवा नसतो," बाय म्हणाली.

मग तुम्ही बायच्या पाकिटातली एक टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवलीत. दुसऱ्या दिवशी बायने ती सोलून काढली. "ही माझ्या कपाळाची हाय. गाडीच्या नाय. गाडीला काय दुखतंय ते बगा आधी."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं, पण त्या वर्षी ते तसं नव्हतं. एका बागायतदाराने तुम्हाला आंब्याच्या पेट्या मुंबईला न्यायचं काम देऊ केलं होतं. चिऱ्यांच्या वाहतुकीवर गाडीचं भागत नव्हतं. आंबा मिळाला नाही तर पावसाआधी गाडी विकायची, असं तुम्ही बायला सांगत होतात ते मी पार्टिशनच्या अलीकडे बसून ऐकलं होतं. गाडी गेली की तुम्ही परत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, त्या दोन खोल्या सुटल्या, आणि माझी परीक्षा तोंडावर असताना माझी वळकटी परत मुंबईच्या वाटेला. तुम्ही हे मला कधीच बोलला नाहीत. पण मी माझ्या वेळापत्रकापेक्षा त्या लाल दिव्याकडे जास्त बघत असे.

आणि बाय हटून बसली. तिच्या ओळखीतल्या एकाची गाडी इंजिन जाम होऊन घाटात मागे घसरली होती. "दिवा इझल्याबिगर गाडी कशेडीचा घाट चढणार नाय."

"बल्बच काढतो. इझला."

"काढा. मी पण जाते माहेराला."

"मेवणे, समजवा तुमच्या बहिणीला!"

मी म्हटलं, "दिवा पेटतो म्हणजे काहीतरी कारण असणार, भावोजी."

"झालं! आता दोघं भावंडं एक झाली."

शेवटी रविवारी हसनभाईंना बोलावलंत. त्यांचं गॅरेज मिरकरवाड्याच्या बाजूला, तुमची त्यांची जुनी दोस्ती. ते आले आणि त्यांनी एकेक गोष्ट धरून सोडवायला घेतली. आधी तेल मोजायची दांडी काढून तेल बघितलं. तेल भरपूर. ते जुनं झालं असेल म्हणून नवं घातलं. दिवा पेटलेलाच. मग इंजिनावरचा तो स्विच काढला, ज्याला तेलाचा दाब कळतो, आणि त्या भोकात दुसऱ्या गाडीचा काटा लावून इंजिन सुरू केलं. काटा झटक्यात वर गेला आणि जिथे उभा राहायला हवा तिथे उभा राहिला.

"बगितलंस?" तुम्ही बायकडे वळलात. "माझं इंजिन धडधाकट हाय!"

"मग दिवा का पेटतोय?"

तुम्ही हसनभाईंकडे बघितलंत. हसनभाईंनी नवा स्विच बसवला. दिवा पेटलेला. मग त्यांनी स्विचवर येणारी वायरच उपटली. आता तर दिव्याला तिकडून कोणी सांगणारंच नव्हतं. तरी पेटलेला.

हसनभाई बॉनेटवर कोपर टेकून म्हणाले, "सखाराम, इंजिन पण खरं बोलतंय, दिवा पण खरं बोलतोय. मधे कोणतरी चुगली करतोय. इंजिन ते डॅशबोर्ड, ह्या वायरीचं उघडं अंग कुठेतरी पत्र्याला लागतंय. सगळं वायरिंग सोडवायला लागेल. चार-पाच दिवस गाडी उभी."

चार-पाच दिवस गाडी उभी राहिली असती तर आंबा दुसऱ्याच्या गाडीने गेला असता. तुम्ही टायरवर बसलात. 

"हे सुरू कधी झालं?" हसनभाईंनी विचारलं.

"दिवाळीला," तुम्ही म्हणालात.

"नाय ओ," बाय म्हणाली. "गणपतीवरून येताना. वरच्या वळणावर. माझ्या मांडीवर आयने दिलेला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता. मी म्हटलं, आवो, दिवा पेटला. तुम्ही म्हणालात, बाप्पाचा दिवा संगती आला."

तेव्हा आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं, भावोजी. आठवतं ना?

आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. दर गणपतीला तुम्ही ट्रक आमच्या अंगणात आणून लावायचात आणि त्याच्या बॅटरीवरून घरात वायर ओढायचात. अख्खी वाडी आमचा गणपती बघायला यायची. बाबा दारात उभे राहून लोकांना आत घ्यायचे तेव्हा त्यांची मान कशी ताठ असायची! त्या वर्षी तुमच्या मनात आलं की मूर्तीच्या मागे लाल उजेड पाहिजे. लाल बल्ब आणायचा कुठून? तुम्ही डॅशबोर्डमधला तेलाचा दिवाच सोडवून आणलात. बाप्पाच्या कानामागे तो असा काही खुलला की आईने आरती चालू असताना पदर डोळ्यांना लावला. विसर्जनाच्या दिवशी तुम्ही तो घाईघाईने परत गाडीत बसवलात, वायरी पिळून जोडल्यात, आणि पऱ्यावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, न्यायला गणपती उचलायची हाक आली तसे आपण दोघं धावलो.

हसनभाईंना काही न सांगता तुम्ही डॅशबोर्डखाली शिरलात. दारातून बाहेर तुमचे दोन पाय तेवढे दिसत होते. मग आतून आवाज आला, "आयला!" आणि तुम्ही उताणे सरकत बाहेर आलात. तुमच्या बोटात सोनेरी बेगडाचा एक चुरगळा होता. मखराला लावायचं ते चकचकीत बेगड. वायरीच्या सांध्यावर टेपच्या जागी ते गुंडाळलेलं होतं आणि त्याची एक शेपटी पत्र्याला टेकली होती.

हसनभाई इतके हसले की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. "अरे, बेगड म्हणजे पत्राच! करंटाला तू सोन्याचा पूल बांधून दिलास!"

त्यांनी सांध्याला टेप मारली. तुम्ही चावी फिरवलीत. दिवा पेटला. इंजिन सुरू झालं. दिवा विझला.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

"मेवणे, हे तुमचं काम."

"माझं? मी नुसती पक्कड धरली होती!"

"मी तुम्हाला म्हटलं होतं, गुंडाळून टाका. तुम्ही गुंडाळलंत."

"टेप संपली होती! मी तसाच गणपती उचलायला धावलो. बेगड तुम्ही गुंडाळलंत!"

"मी ड्रायव्हर माणूस, मी वायरीला बेगड लावीन? हे कालेजातलं डोकं हाय."

"आणि गणपतीच्या मागे गाडीचा दिवा लावायचं डोकं कुणाचं?"

मी तुमच्यासमोर आवाज चढवून बोललो तो तेव्हा पहिल्यांदा. हसनभाई मध्ये पडेनात. ते बायला म्हणाले, "वहिनी, चहा टाका, हे लवकर संपत नाही." बाय तर आधीच लगबगीने आत गेली होती. जेवायला बसलो तरी आपलं चालूच. त्या भरात मी भात दोनदा घेतला आणि बांगड्याच्या सारात कालवून खाल्ला, हे मला कळलंदेखील नाही.

आंबा मिळाला. पहिल्या खेपेला बाय केबिनमध्ये बसून मुंबईपर्यंत आली, तीही दिव्याकडे टक लावून. कशेडीच्या वळणांवर तुम्ही समोर बघत होतात, बाय दिव्याकडे आणि मी बायकडे. दिवा शहाण्यासारखा विझलेला राहिला. गाडी राहिली, खोल्या राहिल्या, आणि मी बी. ए. झालो. निकालाच्या दिवशी तुम्ही कॉलेजच्या फाटकाशी गाडी लावून असा हॉर्न वाजवलात की प्राचार्य गच्चीवर आले.

भांडण मात्र मिटलं नाही. मी घरी आलो की पाय धुवायच्या आत तुम्ही विचारायचात, "काय मेवणे, कबूल?" पुढे वाडीत वीज आली. तुम्ही थोडे हिरमुसलात, पण गणपतीला लाल दिवा सोडवून आणायचात तो आणायचातच. खिशात नवी कोरी टेप असायची. ती सगळ्यांना दाखवून म्हणायचात, "मेवण्याच्या हाताला लागू नये म्हणून खिशात ठेवलीय."

दापोलीकडच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा तुम्हाला काय द्यावं ते मला सुचेना. शर्टाचं कापड आणलं असतं तर तुम्ही ते मलाच शिवून घातलं असतंत. तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत. पण एक गोष्ट तुम्हाला हवी होती हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी तुम्हाला एक पत्र पाठवलं. तुम्ही ते गाडीअड्ड्यावर सगळ्यांना वाचून दाखवलंत, हसनभाईंना दोनदा. "ग्रॅज्युएट माणसाने लिहून दिलंय," म्हणून.

बाराव्याची माणसं पांगल्यावर मी आणि बाय तुमच्या गावच्या घरी मागच्या पडवीत बसलो होतो. फणसाखाली तुमची गाडी उभी होती. बाय तिच्यावर ड्रायव्हर ठेवणार आहे, विकणार नाही म्हणते. मी सहज म्हटलं, "आता माझ्याशी बेगडावरून कोण भांडणार?"

बाय हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसू थांबेना.

"अरे, ते मी गुंडाळलं होतं."

"काय?"

"तुम्ही दोघं गणपती उचलायला धावलात. मी गाठोडं ठेवायला केबिनीत चढले. बगते तर तांब्याची तार उघडी. म्हटलं, कुणाला शॉक बसेल. मखराचं बेगड हातातच होतं. चांगलं घट्ट गुंडाळलं."

 दिवा विझल्याशिवाय गाडी हलू न देणारी ती. आणि दिवा पेटवणारीही तीच.

"आणि भावोजींना...?"

"बेगड सापडलं त्याच दिवशी त्यांना चहा देताना सांगितलं. मी म्हटलं, माझ्या भावाला कशाला बोलता, चूक माझी हाय. तर मला म्हणाले, तू गप ऱ्हा गो. हे पोर आपल्याकडे आल्यापासून मान खाली घालून जेवतंय. आज पहिल्यांदा तोंड वर करून भांडलं. आज दोनदा भात घेईल बग."

भावोजी, तुम्ही वर्षानुवर्षं माझ्याशी खोटं भांडलात! आणि काय मन लावून भांडलात! मला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून तुम्ही मला बरोबरीचा शत्रू करून ठेवलंत. मी शाळेत मुलांना शिकवतो. एखादं पोर अंग चोरून मागच्या बाकावर बसलेलं दिसलं की मी त्याच्याशी मुद्दाम वाद घालतो. ते कुठून शिकलो, हे मला आता कळलं. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "आधी कबूल करा." म्हणून मानत नाही.

मी बायला विचारलं, "माझं पत्र आलं तेव्हा ते काय म्हणाले?"

"पोट धरून हसले. मग म्हणाले, बग, मला जिंकवायला खोटं लिहायला पण शिकला. आता हा पुरता घरचा झाला."

गणपती जवळ आले आहेत. या वर्षी दिवा मी सोडवणार आहे आणि टेप बाय मारणार आहे. बेगड सगळं माझ्या ताब्यात राहील, असं आमचं ठरलं आहे. आणि ते पत्र बायने पुढ्यात ठेवलं आहे. जसं होतं तसं उतरवतो.

*

तीर्थस्वरूप भावोजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. शाळा चांगली आहे. समुद्र जवळ आहे, पण रत्नागिरीसारखे मासे खोलीवर कोण करून घालणार? मुलं मला सर म्हणतात आणि मी मागे वळून बघतो की कुणाला बोलावतायत.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पुष्कळ विचार करून मी कबूल करतो की त्या विसर्जनाच्या दिवशी तेलाच्या दिव्याच्या वायरीला बेगड मी गुंडाळलं. तुमचा त्यात काही दोष नाही. तुम्ही जिंकलात. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता.

मात्र गणपतीला घरी आलो की मी हे सगळं नाकारणार आहे. तेव्हा घसा शेकून तयार राहा. आणि बायला सांगा, त्या दिवशी भात थोडा जास्त टाकायला.

तुमचा,
बेगडवाला मेव्हणा